जळगावचा एक कथक वर्ग आणि विशारदच्या प्रमाणपत्राचा प्रश्न

जळगावातील एका वसाहतीत, घराच्या वरच्या मजल्यावर चालणाऱ्या कथक वर्गाचे हे परीक्षण आहे. माझी पुतणी गेली काही वर्षे तेथे शिकते. मी भुसावळला राहतो आणि तबल्याची साथसंगत करतो, त्यामुळे परीक्षा जवळ आल्या की या वर्गात साथीलाही बसतो. म्हणजे पालकांच्या बाजूने आणि साथीदाराच्या बाजूने, असा दोन्हीकडून हा वर्ग मी पाहिला आहे. वर्ग चालवणाऱ्या ताई जाहिरात करत नाहीत आणि आपले नाव कोठे छापून यावे अशी त्यांची इच्छा नाही, म्हणून ते येथे देत नाही. तरीही लिहिणे मला आवश्यक वाटले, कारण त्यांच्याकडे प्रवेशासाठी येणारे पालक जो पहिला प्रश्न विचारतात, तो धुळे, नंदुरबार, अमळनेर, चाळीसगाव अशा कोणत्याही गावातल्या नृत्यवर्गाच्या दारात विचारला जातो: ताई विशारद आहेत का, म्हणजे शास्त्रीय नृत्यातली ती वरची परीक्षा त्या उत्तीर्ण आहेत का? या ताई विशारद नाहीत. त्यांनी त्याच्या खालच्या मध्यमा पूर्णपर्यंतच्या परीक्षा दिल्या आणि त्यानंतर एकही परीक्षा दिली नाही. असे असूनही, लहान मुलांना कथकचा पाया घालून देणारा याहून चांगला वर्ग मला जळगावात आढळलेला नाही.

पालकांचा हा प्रश्न चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही, कारण नृत्यवर्ग उघडण्यासाठी आपल्याकडे किमान पात्रतेची कोणतीही अट नाही. एक खोली, एक स्पीकर आणि दारावर एक फलक एवढ्यावर वर्ग सुरू होतो. पालकांना नृत्यातले काही कळत नसेल तर भिंतीवरच्या प्रमाणपत्राशिवाय त्यांच्या हाती दुसरा आधार कोणता असणार? शास्त्रीय नृत्याच्या बाबतीत हे प्रमाणपत्र आपल्याकडे बहुतेक वेळा अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे असते. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, त्या परंपरेतले हे मंडळ. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम, विशारद पूर्ण आणि त्यापुढे अलंकार, अशी त्याच्या परीक्षांची चढण आहे. सुरुवातीच्या परीक्षा तोंडी आणि प्रात्यक्षिक स्वरूपाच्या असतात, पुढे शास्त्राचा लेखी पेपर जोडला जातो, आणि एप्रिल-मे तसेच नोव्हेंबर-डिसेंबर अशा दोन सत्रांत त्या होतात. दहावीला शास्त्रीय कलांसाठी सवलतीचे गुण मिळू लागल्यापासून या परीक्षांना बसणाऱ्यांची गर्दी वाढली, हे परीक्षा केंद्रावर साथीला बसणारा कोणीही सांगेल.

परीक्षेच्या खोलीत नेमके काय तपासले जाते, हे फार थोड्या पालकांनी पाहिलेले असते. विद्यार्थिनी आत येते, नमस्कार करते, लेहरा, म्हणजे तालाचे आवर्तन दाखवणारी धून, सुरू होतो. ती ततकार, म्हणजे पायांचे मूळ काम, करते, तोडे, तुकडे, परण, गतनिकास असे अभ्यासक्रमातले प्रकार सादर करते, हाताने ताल धरून बोलांची पढंत करते, म्हणजे नृत्यातले बोल तोंडाने म्हणते, आणि परीक्षक मधूनमधून प्रश्न विचारतात. चांगला परीक्षक तयार केलेल्या क्रमात विद्यार्थिनीला अडकून राहू देत नाही. तो तिला मधेच थांबवतो आणि तोच बोल दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, म्हणायला सांगतो, किंवा सोळा मात्रांच्या त्रितालाऐवजी दहा मात्रांचा झपताल धरायला लावतो. परंतु बाहेर ओळीने मुली बसलेल्या असतात, संध्याकाळच्या आत यादी संपवायची असते, आणि एप्रिलच्या अखेरीस जळगावचा पारा पंचेचाळिशीकडे सरकलेला असतो. अशा परिस्थितीत पाठ केलेले नीट म्हणून दाखवणारी मुलगी प्रथम श्रेणीत उत्तीर्ण होते, आणि त्या मर्यादेत परीक्षकाचा निर्णय योग्यच असतो, कारण त्याच्यापुढे जे सादर झाले त्यालाच त्याने गुण दिलेले असतात.

माझी पुतणी या ताईंकडे येण्यापूर्वी दुसऱ्या एका वर्गात शिकत होती. तेथील शिक्षिका विशारद होत्या, प्रमाणपत्र चौकटीत लावलेले होते आणि त्या वर्गाचा निकाल दरवर्षी शंभर टक्के लागत असे. पुतणीही प्रवेशिका पूर्ण प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाली. त्यानंतर दिवाळीच्या सुट्टीत ती भुसावळला आली असता मी तबला काढला आणि तिला त्रितालातली तिची नेहमीची तिहाई, म्हणजे तीनदा म्हणून समेवर संपवायचा बोलांचा तुकडा, घ्यायला सांगितली. तिने ती समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, बिनचूक आणली. मग मी ठेक्याची लय थोडी उतरवली, तेव्हा तिचे पाय मागच्याच लयीत धावत राहिले आणि ती समेच्या बरीच आधी येऊन उभी राहिली. ही तिहाई किती मात्रांची आहे असे विचारले, तर तिला सांगता आले नाही. मॅडमनी तसे कधी सांगितलेच नव्हते. मॅडम पुढे उभ्या राहून करून दाखवायच्या आणि मागे उभ्या असलेल्या मुली बघून करायच्या, असे तिच्या बोलण्यातून कळले. त्या मॅडम स्वतः उत्तम नाचत असत, हेही मला नमूद केले पाहिजे. त्यांचे विशारद खोटे नव्हते. फक्त ते ज्या गोष्टीचे प्रमाण होते ती गोष्ट वेगळी होती.

हा सगळा प्रश्न येथेच आहे असे मला वाटते. विशारदपर्यंतच्या परीक्षांचा भर सादरीकरण आणि शास्त्र यांवर असतो. विद्यार्थिनीला स्वतःला किती येते, हे त्यांतून कळते. तिला दुसऱ्याला शिकवता येते का, हा प्रश्न त्या खोलीत कोणी विचारत नाही, कारण तेथे शिकणारे मूलच समोर नसते. शाळेच्या बाबतीत आपण हा फरक केव्हाच मान्य केलेला आहे. गणितात एम.एस्सी. झालेल्या माणसालाही माध्यमिक शाळेत शिकवायचे असेल तर बी.एड. करावे लागते, त्यात प्रत्यक्ष वर्गावर सराव पाठ घ्यावे लागतात, आणि मागच्या बाकावर निरीक्षक वही घेऊन बसलेला असतो. बॅले आणि बॉलरूमच्या जगात लंडनच्या इम्पीरियल सोसायटी ऑफ टीचर्स ऑफ डान्सिंग (1904) आणि रॉयल अकॅडमी ऑफ डान्स (1920) या संस्था विद्यार्थ्यांच्या श्रेणी-परीक्षा वेगळ्या घेतात आणि शिक्षकांची पात्रता वेगळी ठरवतात. आपल्याकडे मात्र विद्यार्थिनीची शेवटची परीक्षा हीच शिक्षिकेची पहिली पात्रता समजण्याची रीत पडली आहे, आणि विशारदचा निकाल हाती आल्याच्या पुढच्याच महिन्यात वर्गाचा फलक लागतो. माझी आई, म्हणजे पुतणीची आजी, तिला त्या आधीच्या नृत्यवर्गात सोडायला जात असे. तिने कथकचा एक बोलही कधी शिकलेला नाही, पण अहिराणीत तिने जे विचारले होते त्यात सारे आले: ‘तिले नाचता येस, पन दुसराले शिकाडता येस का?’

आता ज्या वर्गाचे परीक्षण करायचे आहे त्याकडे वळतो. हॉल फार मोठा नाही. लहान मुलींच्या एका तुकडीत दहा-बाराच जणी घेतल्या जातात आणि त्याहून अधिक आल्या तर थांबायला सांगितले जाते. पहिले वर्षभर घुंगरू बांधू देत नाहीत, आणि मला हा नियम अतिशय योग्य वाटतो, कारण घुंगरांच्या आवाजात कमकुवत पाय लपून जातो. ताई मुलींकडे पाठ करून क्वचितच उभ्या राहतात. बहुतेक वेळ त्या बाजूला जमिनीवर बसून तळहाताने फरशीवर ताल देतात आणि मुलींच्या पायांकडे पाहतात. कधी कधी तर डोळे मिटून नुसते ऐकतात आणि ‘खिडकीजवळची, तुझा डावा हलका पडतोय’ असे सांगतात. एकदा एक नवी मुलगी ‘ता थेई थेई तत्’ करताना दर वेळी चौथ्या आघाताला मागे राहत होती. तिला पुन्हा पुन्हा करायला न लावता ताईंनी पाय थांबवायला सांगितले, तोंडाने बोल म्हणत टाळी द्यायला लावली, आणि तिला बोल तर नीट येत आहेत हे दिसल्यावर तिच्या गुडघ्यांकडे पाहिले. मुलगी पाय उचलताना गुडघा फार वर नेत होती, त्यामुळे पाय खाली यायला वेळ लागत होता. ‘पाऊल जमिनीजवळ ठेव, एवढंच,’ असे त्या म्हणाल्या, आणि ते घडायला त्या तासाचा उरलेला भाग लागला. त्या वेळात बाकीच्या मुली पढंत करत होत्या. मुलाची चूक दिसणे आणि त्या चुकीचे मूळ दिसणे यांत जे अंतर असते, ते अंतर कापलेली शिक्षिका मी येथे पाहिली.

तिहाई शिकवण्याची त्यांची पद्धत मी साथीला बसलेलो असताना लक्षपूर्वक पाहिली आहे. त्या आधी बोल देतच नाहीत, हिशेब देतात. त्रितालात समेपासून निघून पुढच्या समेवर यायचे तर सोळा मात्रा आणि पुढची सम मिळून 17 मात्रा भरायच्या. म्हणजे पाच मात्रांचा पल्ला, अर्थात तोच तुकडा, तीन वेळा आणि मधे एकेक मात्रेचे दोन दम, म्हणजे थांबे. हे फळ्यावर मांडून झाले की झपतालाच्या 11 मात्रा मुलींनी स्वतः सोडवायच्या, आणि त्या तीन-तीन-तीनचा पल्ला व दोन दम असे उत्तर काढतात. सात मात्रांच्या रूपक तालाचा प्रश्न आला तेव्हा दहा वर्षांच्या एका मुलीने बोटांच्या पेरांवर मोजून ‘दोन, दम, दोन, दम, दोन, झाले आठ’ असे सांगितले आणि मग त्याच हिशेबात बसणारे बोल स्वतः शोधून माझ्या ठेक्यावर करून दाखवले. त्यात सौंदर्य फारसे नव्हते, पण ती समेवर आली आणि आपण समेवर का आलो हे तिला ठाऊक होते. दमदार (मधे दम असलेली) आणि बेदम (दम नसलेली) तिहाईची व्याख्या लेखी पेपरात हमखास विचारली जाते. ती व्याख्या पाठ असलेल्या कितीतरी विशारद मुली साथीला बसल्यावर मला भेटतात, ज्यांना नवी तिहाई बांधता येत नाही. माझ्या पुतणीला हा हिशेब अंगवळणी पडायला जवळजवळ वर्ष लागले. आता मी लय उतरवली तर ती माझ्याकडे पाहते आणि पाय सावरून घेते.

या ताईंची खरी पात्रता कोठून आली, याचे उत्तरही मला मिळालेले आहे. लग्नानंतर त्यांच्या परीक्षा थांबल्या, पण शिकणे थांबले नाही. आजही त्या जमेल तेव्हा रात्रीच्या महाराष्ट्र एक्सप्रेसने पुण्याला जातात, आपल्या गुरूंपुढे बसतात, स्वतःच्या चुका दुरुस्त करून घेतात आणि परत येऊन वर्गात ‘मागच्या वेळी हा हस्तक मी तुम्हाला असा सांगितला होता, तो आता असा करा’ असे हाताच्या एखाद्या हालचालीबद्दल उघडपणे सांगतात. कथक नर्तकी पंडिता रोहिणी भाटे यांनी 1947 मध्ये पुण्यात नृत्यभारती ही संस्था सुरू केल्यापासून महाराष्ट्रात कथकच्या शिक्षणाला जी बैठक मिळाली, तिचा लाभ पुण्या-मुंबईच्या मुलींना घरापासून हाकेच्या अंतरावर मिळतो; खानदेशातल्या शिक्षिकेला त्यासाठी रात्रभर गाडीत बसावे लागते. जी बसते आणि जी बसत नाही, यांतला फरक कोणत्याही प्रमाणपत्रावर छापलेला नसतो.

असे असले तरी प्रमाणपत्राच्या बाजूनेही मला मनापासून बोलायचे आहे. थोर नर्तकी बालसरस्वतींनी आपले गुरू कंदप्पा पिल्लै यांच्याकडे भरतनाट्यम् शिकताना कोणत्या मंडळाची परीक्षा दिली नव्हती, आणि सातपुड्यात काठी या गावच्या राजवाडी होळीला कंबरेला घुंगरू बांधून रात्रभर नाचणाऱ्यांना त्यांचा पदन्यास कोणी अभ्यासक्रमातून शिकवलेला नाही, हे खरे आहे. परंतु त्या दोन्ही ठिकाणी जाणत्यांची नजर रोज पाठीवर असते. तेथे घराणे किंवा गाव हेच परीक्षक असतात. जळगाव-धुळ्यातल्या कथकच्या वर्गाभोवती असे जाणत्यांचे कडे नाही. जानेवारीत जळगावला बालगंधर्व संगीत महोत्सव होतो तेव्हा मोठे कलावंत ऐकायला-पाहायला मिळतात, पण उरलेले वर्षभर शिक्षिकेने काय शिकवले हे तपासणारे कोणी नसते. अशा वेळी बाहेरगावाहून येणारा परीक्षक हा एकमेव परका डोळा असतो, आणि अभ्यासक्रम असल्यामुळेच निदान झपताल, एकताल, धमार, नंदिकेश्वराच्या ‘अभिनयदर्पण’ या ग्रंथातील 28 असंयुत हस्त, म्हणजे एका हाताच्या मुद्रा, लखनौ-जयपूर-बनारस घराण्यांची ओळख या गोष्टी मुलींपर्यंत पोहोचतात. परीक्षा नसत्या तर आपल्या भागातल्या बहुतेक वर्गांत गॅदरिंगची गाणी आणि नवरात्रातला गरबा यांपलीकडे काही शिकवले गेले नसते, असे मला वाटते.

परीक्षा न दिलेल्या शिक्षिकांविषयी सावध राहण्याचेही कारण आहे. ‘आम्ही गुरू-शिष्य परंपरेतल्या, आम्हाला कागदाची गरज नाही’ असे सांगणाऱ्यांपैकी काही जणींची परंपरा एखाद्या आठवड्याच्या कार्यशाळेपुरती असते, आणि त्या कार्यशाळेत काढलेले छायाचित्र फलकावर लागते. विशारदचे प्रमाणपत्र निदान तपासून पाहता येते. परंपरेचा दावा तपासणे पालकांच्या आवाक्याबाहेरचे आहे. म्हणून मध्यमा पूर्ण असलेल्या ताईंचा वर्ग मी चांगला म्हणतो तो त्यांच्याकडे विशारद नाही म्हणून नव्हे. जळगावातच अलंकार झालेल्या एका शिक्षिकेचे काम मी जवळून पाहिले आहे आणि त्याही याच तोलाने शिकवतात.

वर्गात उणिवा आहेत आणि त्या लहान नाहीत. शास्त्राच्या लेखी पेपराची तयारी येथे कच्ची होते; टिपणे फळ्यावरून उतरवून घ्यायची आणि पाठ करायची, एवढेच त्या भागाचे शिक्षण आहे, आणि प्रात्यक्षिकात इतका विचार करणाऱ्या ताईंनी शास्त्र असे सोडून द्यावे याचे मला वाईट वाटते. ताल शिकवण्याच्या मानाने अभिनयाकडे उशिरा वळले जाते, त्यामुळे गतभाव, म्हणजे अभिनयातून प्रसंग उभा करण्याचा प्रकार, करताना मोठ्या मुलींचे चेहरेसुद्धा मोजणीत गुंतलेले दिसतात. हॉलच्या वर पत्रे आहेत. मार्चनंतर दुपारची तुकडी असह्य होते आणि एका कूलरने काही साधत नाही. जमीन फरशीची आहे. खाली लाकूड किंवा निदान जाड सतरंजी नसल्यामुळे वर्षानुवर्षे टाचा आपटणाऱ्या मुलींच्या पायांची मला काळजी वाटते, आणि ताईंना मी तसे बोलूनही दाखवले आहे. परीक्षांखेरीज एरवी साथीला तबला नसतो, लेहरा मोबाइलवरच्या ॲपवर वाजतो. ॲप नर्तकीसाठी थांबत नाही आणि तिच्याकडे पाहतही नाही, म्हणून महिन्यातून एकदा तरी प्रत्यक्ष साथ असावी असा माझा आग्रह आहे.

सर्वांत मोठी मर्यादा प्रमाणपत्राचीच आहे आणि ताई ती लपवत नाहीत. मध्यमा पूर्ण झाल्यावर मुलगी विशारदला बसणार असेल तर त्या तिला आपल्याकडे ठेवत नाहीत; पुढचे शिक्षण नाशिकला किंवा पुण्याला घ्यावे असे पालकांना स्पष्ट सांगतात आणि कोणाकडे जावे हेही सुचवतात. नाशिक येथून सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. शनिवार-रविवारी मुलीला तेथे नेणे प्रत्येक घराला परवडणारे नाही, आणि त्यामुळे चांगल्या तयारीच्या काही मुली मध्यमावरच थांबल्या, हेही मी पाहिले आहे. ताईंनी स्वतः विशारद आणि अलंकार केले असते तर या मुलींना गावातच पुढे जाता आले असते. ही तक्रार मी त्यांच्यापुढेही मांडली; त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि ‘मला जेवढं पक्कं येतं तेवढंच मी शिकवणार’ असे उत्तर दिले. या उत्तराने माझी तक्रार संपलेली नाही, परंतु शिक्षिकेच्या तोंडी असे उत्तर मी फार कमी वेळा ऐकले आहे.

प्रवेश घेण्यापूर्वी एक तास मागे बसून वर्ग पाहण्याची परवानगी ताई देतात. ज्या वर्गात ती मिळत नाही तेथे मुलांना घालू नये असे माझे मत आहे. तो तास पुढच्या रांगेतल्या तयार मुलींकडे पाहण्यात घालवू नये. सर्वांत मागे पडलेले मूल कोणते हे पाहावे आणि शिक्षिका त्या मुलाजवळ किती वेळा जाते, काय सांगते आणि सांगितल्यावर त्याच्यात काही फरक पडतो का, याकडे लक्ष द्यावे. नृत्यातले काही न कळणाऱ्या पालकालाही हे दिसते. शिक्षिका अजून कोणाकडे शिकते का, हे विचारायला संकोचू नये. प्रमाणपत्र जरूर पाहावे, कोणत्या संस्थेचे आणि कोणत्या परीक्षेचे आहे हे वाचावे, आणि कार्यशाळेला हजर राहिल्याचा कागद व विशारदचा कागद यांत गल्लत करू नये.

मासिक शुल्क नऊशे रुपये आहे. परीक्षेचे शुल्क वेगळे भरावे लागते, आणि कार्यक्रमाचा पोशाख ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने आणण्याची मुभा असल्यामुळे नव्या पोशाखाची सक्ती नाही. नवी तुकडी शाळा उघडल्यानंतर जूनमध्ये सुरू होते आणि सात वर्षांखालील मुलांना घेतले जात नाही. ज्यांना दहावीच्या आत भराभर परीक्षा संपवून सवलतीचे गुण मिळवायचे आहेत, त्यांनी या वर्गात येऊ नये. येथे वर्षाला एक परीक्षा होईलच असे नाही, आणि मूल तयार नसेल तर ताई अर्जावर सही करत नाहीत.